अदृश्य प्रकाशाची लिपी : रिमोटचे संकेत वाचताना

इतिहासाच्या शिक्षकाने रिमोट कंट्रोलवर अभ्यासलेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अनोळखी खुणांच्या रांगेतून अर्थ काढणे हे आमच्या विषयाचे जुनेच काम आहे. शिवाय हा प्रश्न आपल्या तालुक्यातील घराघरांत आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब पाच-सहा महिन्यांनी गावी परतते, कुलूप काढते आणि टीव्ही सुरू करू पाहते. रिमोटमधले सेल तोवर फुटून गळलेले असतात, स्प्रिंगांवर हिरवट क्षार चढलेला असतो. टीव्ही धडधाकट असतो, सेट-टॉप बॉक्सही धडधाकट असतो. मरण पावलेला असतो तो हातातला तुकडा. आणि हल्लीच्या बॉक्सवर चॅनेल बदलण्याच्या कळाच नसल्यामुळे त्या एका तुकड्यापायी सगळा संच निकामी ठरतो. बाजारातून आणलेला ‘युनिव्हर्सल’ रिमोट चालला तर ठीक; न चालला तर ‘आता नवीनच घ्या’ हा सल्ला तयारच असतो. हा सल्ला बहुतेक वेळा अनावश्यक असतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिमोटच्या टोकावरील बारीक दिव्यातून जो प्रकाश बाहेर पडतो, त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि त्याचा पारा चढलेला पाहिला. घरगुती रिमोटमधील दिवा साधारणपणे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. आपला डोळा ७०० च्या आसपास थांबतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याला मात्र यातले थोडेफार दिसते. रिमोटचे तोंड कॅमेऱ्याकडे करून कळ दाबावी; पडद्यावर जांभळट लुकलुक दिसली तर दिवा जिवंत आहे असे समजावे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर हा प्रकाश अडविणारी काच असते, म्हणून सेल्फीच्या कॅमेऱ्याने एकदा पाहावे. एवढ्या साध्या परीक्षेने दुकानाची निम्मी फेरी वाचते.

आता मुख्य अडचण. उन्हात, विजेच्या पिवळ्या दिव्यात, चुलीच्या निखाऱ्यात, सर्वत्र अवरक्त प्रकाश आहे. मग टीव्हीला रिमोटचाच प्रकाश ओळखू कसा येतो? यावरील युक्ती अशी की, रिमोटचा दिवा सलग पेटत नाही; तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो. टीव्हीच्या आत बसविलेला तीन पायांचा संवेदक एवढ्याच गतीच्या उघडझापेला दाद देतो आणि सूर्याच्या संथ, सलग प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो. जत्रेच्या गलक्यात आपल्या माणसाने ठराविक शीळ घातली की ती तेवढी कानी पडावी, तसे हे आहे. काही कंपन्यांची गती ३६ किलोहर्ट्झ असते, काहींची ४०. पण ३८ ही सर्वांत प्रचलित.

ही झाली शीळ. आता त्या शिळेतील भाषा. जपानच्या एनईसी कंपनीने रूढ केलेली पद्धत आपल्याकडील असंख्य स्वस्त उपकरणांत आढळते, म्हणून तिचाच विचार करू. कळ दाबताच प्रथम ९ मिलिसेकंद लांब ठोका येतो. त्यानंतर साडेचार मिलिसेकंद शांतता. ही झाली ‘लक्ष द्या’ अशी हाक. त्यामागून ३२ खुणा येतात. प्रत्येक खुणेतला ठोका सारखाच, मिलिसेकंदाच्या अर्ध्याहून किंचित अधिक. फरक असतो तो ठोक्यानंतरच्या शांततेत. आखूड शांतता म्हणजे शून्य, तिच्या तिप्पट लांब शांतता म्हणजे एक. म्हणजे या लिपीत अक्षराइतकीच, किंबहुना अधिक, बोलते ती अक्षरांमधली मोकळी जागा. कळ दाबून धरली तर रिमोट सगळा मजकूर पुन्हा म्हणत नाही. सुमारे ११० मिलिसेकंदांनी ‘तेच, तेच’ एवढा छोटा इशारा देत राहतो. आवाजाची पट्टी सरकत जाते ती त्यामुळे.

या ३२ खुणांचा अर्थ कसा लावायचा, हे समजण्यासाठी थोडे मागे, १८३७ सालात जावे लागेल. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील छोट्या छोट्या लेखांचे ठसे होते. लिपी कोणासही वाचता येत नव्हती. त्यांच्या ध्यानी आले की, बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. असे लेख स्तूपाच्या कठड्यावर का असावेत? ही देणगीदारांची नोंद असावी. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असणार. त्या एका तर्काने ‘द’ आणि ‘न’ हाती आले, त्यांच्या आधी वारंवार येणारा ‘स’ म्हणजे ‘चा, ची, चे’ हे कळले, आणि आपण आज जिला धम्मलिपी म्हणतो तिचे दार उघडले. आपल्या मराठवाड्यातील पितळखोरे लेण्यातील खांबांवर पैठणच्या दात्यांची नावे आपण आज वाचतो, ती त्या दारातून आत जाऊनच. प्रिन्सेप यांची रीत दोन पायऱ्यांची होती: काय पुन्हा पुन्हा तेच येते ते पाहा, आणि ते कोणत्या ठिकाणी येते त्यावरून त्याचे काम ओळखा.

हीच रीत आम्ही नववीच्या वर्गात रिमोटला लावून पाहिली. साहित्य अगदी थोडे: विज्ञानाच्या प्रयोगसंचातील आर्डुइनोची पाटी, ३८ किलोहर्ट्झचा तीन पायांचा संवेदक, आणि त्याच संचासोबत येणारा एकवीस कळांचा काळा, चपटा रिमोट. (संवेदकाच्या पायांचा क्रम प्रत्येक नमुन्यात निराळा असतो, माहितीपत्रक पाहिल्याशिवाय वीज जोडू नये.) संगणकाच्या पडद्यावर शून्य-एकाच्या रांगा उमटू लागल्या. मुलांना सांगितले होते की आधी काहीही समजावून घेऊ नका, फक्त वहीत उतरवा. दहा-बारा कळांच्या रांगा एकाखाली एक लिहिल्यावर पहिला निष्कर्ष त्यांनीच काढला: प्रत्येक रांगेत पहिल्या आठ खुणा शून्य आणि पुढच्या आठ एक; बदल होतो तो नंतरच्या सोळांत. म्हणजे सुरुवातीचा भाग उपकरणाचा पत्ता आणि नंतरचा भाग आज्ञा. एकाच खोलीत टीव्ही आणि बॉक्स असताना एकाच्या रिमोटने दुसरा हलत नाही, याचे एक कारण हा पत्ता.

गाडी अडली ती पुढे. वरच्या ओळीतील तीन कळांच्या आज्ञा अशा आल्या: १०१०००१०, ०११०००१०, १११०००१०. द्विमान पद्धतीने वाचल्या तर १६२, ९८ आणि २२६. शेजारशेजारच्या कळांना असे भलतेच आकडे कोणी का द्यावेत? बराच वेळ वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, हे उजवीकडून वाचलं तर?” उजवीकडून वाचले, आणि आकडे आले ६९, ७०, ७१. एनईसी पद्धतीत प्रत्येक आठांच्या गटातील सर्वांत लहान किमतीची खूण आधी पाठवतात. आम्ही पान उलट्या बाजूने वाचत होतो. अशोकाचे शिलालेखही वायव्येकडे शाहबाझगढी आणि मानसेहरा येथे खरोष्टी लिपीत आहेत, आणि खरोष्टी उजवीकडून डावीकडे जाते. त्या मुलीला हे आदल्या महिन्यात इतिहासाच्या तासाला सांगितलेले आठवले, की तिला ते स्वतंत्रपणे सुचले, हे मी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना चकित करून गेली. आज्ञेच्या आठ खुणांनंतर येणाऱ्या शेवटच्या आठ खुणा त्याच आज्ञेच्या नेमक्या उलट असतात: जिथे शून्य तिथे एक, जिथे एक तिथे शून्य. पत्त्याचेही तसेच. हा अपव्यय नव्हे. वाटेत कोणी आडवे गेले, उन्हाची तिरीप आली आणि एखादी खूण बिघडली, तर दोन प्रतींचा मेळ बसत नाही आणि टीव्ही ती आज्ञा सरळ टाकून देतो. चुकीची आज्ञा पाळण्यापेक्षा न पाळणे बरे. इतिहासात दुसऱ्या प्रतीचे मोल आम्ही नित्य पाहतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा फुटका तुकडा सापडला; तो आठव्या शिलालेखाचा आहे हे ओळखता आले, कारण तोच लेख इतरत्र पूर्ण उभा आहे. पुढे पत्ते अपुरे पडू लागले तेव्हा अनेक उत्पादकांनी पत्त्याची उलट प्रत सोडून तिची जागा लांब पत्त्यासाठी वापरली. म्हणून प्रत्येक रिमोटमध्ये पहिल्या सोळा खुणा एकमेकींच्या उलट असतीलच असे नाही.

फिलिप्सच्या आरसी-५ या पद्धतीत मजकूर अवघ्या १४ खुणांचा असतो आणि गती ३६ किलोहर्ट्झची. तीत तीच कळ दोनदा दाबली तर दोन निराळ्या रांगा मिळतात आणि नवशिका गोंधळतो. कारण साधे आहे: त्यातील एक खूण प्रत्येक नव्या दाबाला पालटते, जेणेकरून ‘११’ हा चॅनेल मागणारा माणूस एक ही कळ दोनदा दाबतो आहे की धरून बसला आहे, हे यंत्राला कळावे.

आता बाजारातल्या युनिव्हर्सल रिमोटकडे वळू. त्याच्यासोबतच्या कागदावर प्रत्येक कंपनीपुढे तीन-चार आकडी क्रमांक छापलेले असतात. हा क्रमांक म्हणजे संकेत, असा समज सर्वत्र आहे, तो बरोबर नाही. रिमोटच्या चिपमध्ये निरनिराळ्या संकेतसंचांचे एक बंदिस्त ग्रंथालय असते. छापलेला क्रमांक हा त्यातील कपाटाचा क्रमांक होय. पुस्तकच नसेल तर कपाट शोधून उपयोग नाही. ‘ऑटो सर्च’ म्हणजे प्रत्येक कपाट क्रमाने उघडून टीव्ही बंद होतो का ते पाहणे. त्यालाही तीच मर्यादा. आपल्याकडे डीडी फ्री डिश घरोघरी आहे, आणि तिचे बॉक्स खुल्या बाजारात अनेक उत्पादकांचे मिळतात. त्यातल्या कित्येकांची नावे कोणत्याही यादीत नसतात. अशा वेळी ‘लर्निंग’, म्हणजे शिकणारा रिमोट घ्यावा. जुना रिमोट अजून थोडाफार चालतो तोवरच, दोघांची तोंडे समोरासमोर चार-पाच सेंटिमीटरवर ठेवून, उन्हापासून दूर बसून, एकेक कळ शिकवून घ्यावी. शेजाऱ्याकडे तोच बॉक्स असेल तर त्याचा रिमोट अर्धा तास मागून आणावा. संकेत दोघांचा एकच असतो.

हे ज्ञान कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मला शिक्षक म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो. व्हिडिओकॉनचे टीव्ही पैठण रस्त्यावरच्या चितेगावात बनत आणि मराठवाड्यातील घरांत दिमाखाने मिरवत. कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टीव्ही मात्र अनेक घरांत अजून चालू आहेत. उत्पादक उरला नाही तरी संकेत उरतो, आणि तो वाचता येणाऱ्या माणसाला त्या टीव्हीचे आयुष्य वाढवता येते. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी दुरुस्तीचे दुकान चालवतो. कोणत्या बॉक्सला कोणता रिमोट लागतो याची त्याची एक जाडजूड वही आहे. तो ज्यांच्या हाताखाली शिकला, तिथे अशी वही गल्ल्यात कुलपात असे आणि पोराने डोकावले तर पाठीत धपाटा मिळे. विद्या कुलपात ठेवण्याची ही खोड आपल्या समाजाला नवी नाही, आणि तिची किंमत कोणी मोजली हेही या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. त्याने आपली वही आमच्या मुलांना उतरवून घेऊ दिली. धंदा बुडाला का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “उलट सर, आता पोरं गिऱ्हाईक घेऊन येतात.”

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही नव्या स्मार्ट टीव्हींचे रिमोट ब्लूटूथने बोलतात. कॅमेऱ्यात त्यांची लुकलुक दिसत नाही, आणि दिसलीच तर बहुधा चालू-बंद करण्याच्या कळेपुरती. मोटारीच्या दूरकुलपाचा प्रकार पूर्णपणे निराळा आहे. ते रेडिओलहरींवर चालते आणि आधुनिक गाड्यांत प्रत्येक वेळी संकेत बदलतो, म्हणजे चोरून टिपलेला संकेत पुन्हा वापरता येऊ नये. टीव्हीच्या संकेताला असे कुलूप नाही, कारण तो गुप्त ठेवण्यासाठी केलेलाच नव्हता. दुसऱ्याच्या घरातला किंवा दुकानातला टीव्ही बंद करण्याची गंमत मुलांना लगेच सुचते. ती करू नये, एवढे त्यांना बजावले आहे.

मुलांनी आता शाळेत एक नोंदवही सुरू केली आहे. रकाने पाच: उपकरण, पद्धत, पत्ता, कळ, आज्ञा. आकडा लिहिताना तो मिळालेल्या क्रमाने वाचला की उलट, हेही नोंदवायचे, अन्यथा पुढच्या वर्षीच्या मुलांना १६२ आणि ६९ हे एकच आहेत हे कळायचे नाही. तीन वेळा तीच रांग मिळाल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घरातील जुना, न वापरता पडलेला रिमोट शाळेला दिला तर तो हवाच आहे, सेल गळलेला असला तरी. क्षार लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसून तो बहुधा उठतो. एअर कंडिशनरचे पान तेवढे अजून कोरे आहे. त्याचा रिमोट एकेका कळेला तापमान, पंख्याची गती, प्रकार असा सगळा वृत्तान्त एकदम पाठवतो; रांग ३२ खुणांहून खूपच लांब निघते आणि एक अंश वाढवला तरी शेवटचे काही आकडेही बदलतात. ते बहुधा बेरजेच्या पडताळ्याचे असावेत, अशा तर्कापर्यंत मुले आली आहेत. बेरीज कोणत्या गटांची करायची, यावर वर्गात सध्या दोन तट पडले आहेत.