वाचकांचे प्रश्न : चालते दुकान विकत घेताना

प्रश्न : मी कृषी पदवीधर असून बाळापुरातील एका जुन्या कृषी केंद्रात नऊ वर्षांपासून कामाला आहे. मालकांना आम्ही सारे काकाजी म्हणतो. वयोमानामुळे त्यांना दुकान काढून टाकायचे आहे आणि ते मीच घ्यावे अशी त्यांची इच्छा आहे. किंमत ठोक ठरली असून तीत माल, फर्निचर, दुकानाचे नाव आणि शेतकऱ्यांकडची उधारी असे सारे आले. जागा भाड्याची आहे. ‘आपल्यात लेखापढी कायले पाह्यजे?’ असे काकाजी म्हणतात; सासरे म्हणतात, वकील गाठा. काकाजींचा पुतण्या पुढेमागे पारस फाट्यावर असेच दुकान टाकणार अशीही चर्चा आहे. मी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, बाळापूर

उत्तर : काकाजींची सचोटी पूर्णपणे गृहीत धरूनच मी सांगतो की करार लेखी करा, योग्य मुद्रांकावर करा, कारण उद्या प्रसंग पडला तर तो काकाजींशी न पडता त्यांच्या वारसांशी, त्यांच्या बँकेशी किंवा कर खात्याशी पडेल, आणि त्यांपैकी कोणीही आज तुमच्या बोलण्याच्या वेळी दुकानाच्या ओट्यावर बसलेले नाही.

पहिली गोष्ट परवान्यांची. ठोक किमतीत परवाने आले असे तुम्ही मनात धरले असेल तर ते मनातून काढून टाका. कीटकनाशकांचा परवाना १९६८ च्या अधिनियमाखाली, बियाण्यांचा १९८३ च्या आदेशाखाली आणि खतांचे अधिकारपत्र १९८५ च्या आदेशाखाली मिळते. ही तिन्ही कागदपत्रे विशिष्ट व्यक्तीच्या नावे आणि विशिष्ट जागेसाठी दिलेली असतात, त्यामुळे ती दुकानाबरोबर हस्तांतरित होत नाहीत. तुमची पदवी येथे उपयोगी पडेल, कारण विक्रेत्याला शैक्षणिक अर्हता लागते. तथापि तुमच्या नावाचे परवाने हाती येईपर्यंत तुम्ही स्वतःच्या नावाने औषधाची एक बाटलीही विकता कामा नये. म्हणून परवाने मिळाल्यावरच ताबा आणि उरलेली रक्कम, तोवर केवळ इसार, असे कलम करारात घाला. मालाची मोजदाद करताना प्रत्येक खोक्यावरची मुदत स्वतः वाचा. मुदत सरलेले औषध विकता येत नाही, तेव्हा त्याची किंमत तुम्ही का द्यावी?

आता जुन्या देण्यांविषयी. अकोल्याची सावतराम रामप्रसाद गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने सरकारकडे गेली, तेव्हा त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने, काही अपवाद वगळता, ताब्यापूर्वीची देणी जुन्या मालकाच्याच माथी ठेवली. सरकारला कायदा करून असा बांध घालता आला. तुम्हांला मात्र तो करारानेच घालावा लागेल, आणि करार हा करणाऱ्या दोघांनाच बांधतो, तिऱ्हाइताला बांधत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या अधिनियमाचे ८५ वे कलम तर स्पष्टच सांगते की धंदा हस्तांतरित झाला की त्या दिवसापर्यंतचा थकलेला कर, व्याज आणि दंड यांना विकणारा व घेणारा दोघेही संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतात. तुम्हांला नवी नोंदणी स्वतःच्या नावे घ्यावी लागेलच. काकाजींच्या खात्यावर शिल्लक असलेले कराचे क्रेडिटही तुमच्याकडे वळवता येते, पण त्यासाठी करारात देणीही तुमच्याकडे येत असल्याची विशेष तरतूद असावी लागते. क्रेडिट किती आणि देणी किती याचा हिशेब सनदी लेखापालाकडून आधी मांडून घ्या आणि मगच ते कलम लिहा. दुकानातला माल बँकेकडे तारण असेल तर बँकेचे नाहरकतपत्र हाती आल्याशिवाय पैसे मोजू नका. माझा अनुभव असा की किमतीचा काही हिस्सा सहा महिने, वर्षभर राखून ठेवण्यास सज्जन विक्रेता सहसा नकार देत नाही. त्या अवधीत जुने देणे उद्भवले तर ते त्यातून वळते करावे.

नावाचा आणि पुतण्याचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला असला तरी तो लहान नाही. दुकानाचा नावलौकिक म्हणजे जुने गिऱ्हाईक त्याच ओट्यावर पुन्हा येईल ही शक्यता, आणि तिचीच किंमत तुम्ही मोजता आहात. १८७२ च्या करार अधिनियमाचे २७ वे कलम कोणालाही धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरवते. पण नावलौकिक विकणाऱ्याला त्याने अपवाद ठेवला आहे, तो असा की घेणारा तो धंदा चालवीत असेपर्यंत, ठरावीक स्थानिक मर्यादेत, तसाच धंदा न करण्याचे बंधन विक्रेता स्वीकारू शकतो, मात्र त्या मर्यादा न्यायालयाला वाजवी वाटल्या पाहिजेत. तेव्हा ‘कोठेही, कधीही’ असे न लिहिता बाळापूर तालुका आणि निश्चित वर्षे असे लिहा. हे बंधन काकाजींवर पडेल. पुतण्यावर पडणार नाही. त्याने स्वतःच्या भांडवलावर, स्वतःच्या नावाने दुकान टाकले तर त्याला अडवता येणार नाही, परंतु दुकानाचे जुने नाव त्याला देणार नाही आणि त्याच्या आडून स्वतः धंदा करणार नाही, एवढी हमी काकाजींकडून अवश्य लिहून घ्या.

जागेसाठी घरमालकाकडून तुमच्या नावे नवा नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या. भाडेकरूने मालकाच्या संमतीवाचून आपला हक्क दुसऱ्यास दिल्यास जागाच हातची जाण्याचे भय असते.

राहिली उधारी, आणि वऱ्हाडातल्या कृषी केंद्राचा खरा जीव तीतच असतो. जूनमध्ये बियाणे नेलेला शेतकरी कापूस किंवा तूर घरी आल्यावर पैसे देतो, आणि वहीत त्याच्या नावापुढे ‘कापूस आल्यावर’ एवढेच लिहिलेले असते. अशी येणी विकता येतात, पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १३० व्या कलमाप्रमाणे त्यासाठी काकाजींच्या सहीचा लेख लागतो; शिवाय हस्तांतराची सूचना मिळण्यापूर्वी शेतकऱ्याने भाबडेपणी काकाजींच्याच हाती पैसे ठेवले तर त्याची फेड झाली, आणि तुम्ही त्याच्यामागे लागू शकत नाही. म्हणून प्रत्येक खातेदाराला लेखी सूचना द्या, आणि सूचनेनंतरही काकाजींच्या हाती आलेली रक्कम ते तुम्हांला देतील असे लिहून घ्या. दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची. ती सरण्याआधी ऋणकोने सहीनिशी बाकी कबूल केली तर तेथून नवी मुदत सुरू होते. मुदत सरलेली खाती वेगळी काढा आणि त्यांचे मोल किमतीतून वजा करा. मग वही काखेत मारून काकाजींबरोबरच गावोगाव एक फेरी काढा, प्रत्येक बाकीखाली शेतकऱ्याची सही आणि तारीख घ्या. ज्यांच्याकडून त्याने वीस-वीस वर्षे बियाणे नेले ते काकाजी समोर उभे असताना ती सही तो सहज देईल. ही फेरी पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वीच उरका आणि तिच्यात जमलेल्या सह्यांची यादी करारपत्राला परिशिष्ट म्हणून जोडा.