मॉडेल हेलिकॉप्टरसाठी लाकडी पाती निवडताना

आपल्या एरोमॉडेलिंग ग्रुपकडे जे ३० क्लासचं हेलिकॉप्टर आहे, त्याला या सेमिस्टरला नवीन मेन ब्लेड्स घ्यायच्या आहेत. त्यावरून हॉस्टेलमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या आहेत, कार्बनवाले आणि लाकूडवाले. मी लाकूडवाल्यांपैकी, म्हणून हा लेख. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला मराठीत टेक्निकल लिहायची सवय नाही. ब्लेडला 'पातं' म्हणायचं एवढं संपादकांनी बजावलंय, बाकीचं सांभाळून घ्या.

लाकूड म्हटलं की बरेच जण हसतात. पण १९४६ साली अमेरिकेत नागरी वापराचं सर्टिफिकेट मिळवणारं पहिलं हेलिकॉप्टर म्हणजे बेल ४७, आणि सुरुवातीच्या बेल ४७ ची पाती लाकडीच होती. त्याचा डिझायनर आर्थर यंग १९४१ मध्ये बेल कंपनीत जाण्याआधी कितीतरी वर्षं छोटी मॉडेल्स बनवून, मोडून, परत बनवून शिकत होता. म्हणजे आपण करतोय ते काही पोरखेळ नाही.

आता आकडे बघू. ३० क्लास म्हणजे इंजिन ०.३० घन इंचाचं, साधारण ५ सी.सी. याला ५५० मि.मी. लांबीची पाती लागतात. समजा एक पातं १०० ग्रॅमचं आहे, त्याचा सी.जी. शाफ्टच्या मध्यापासून ३५ सें.मी. वर आहे आणि रोटर १५०० आर.पी.एम. ने फिरतोय. एम आर ओमेगा स्क्वेअर काढा. सुमारे ८६० न्यूटन येतात, म्हणजे ८८ किलो. शंभर ग्रॅमचं पातं बोल्टला ८८ किलोने ओढतंय, आपल्या मेसच्या काकांपेक्षाही जास्त! आर.पी.एम. २००० केला तर हाच आकडा दीडशे किलोच्या वर जातो, कारण वेगाचा वर्ग होतो. टोकाचा वेग १५०० लाच ताशी ३५० किलोमीटरच्या आसपास असतो.

हे फक्त थिअरी ऑफ मशीन्सचं गणित नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका पार्कात १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचा रोटर डोक्याला लागून जागीच गेला. आपल्यापैकी बहुतेकांच्याच वयाचा. म्हणून पाती निवडणं हा 'कुठली स्वस्त' एवढाच प्रश्न नाही.

पातं नुसतं एका लाकडाचं का नसतं, हे आधी समजून घ्या. चांगल्या लाकडी पात्यात पुढची कड बीचसारख्या कठीण लाकडाची असते आणि मागचा भाग बाल्साचा. टोकाजवळ पुढच्या कडेत बऱ्याचदा शिशाचा छोटा तुकडा बसवलेला असतो. रूटला, म्हणजे जिथे बोल्ट जातो तिथे, दोन्ही बाजूंनी प्लायवूड किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवतात आणि वरून हीट श्रिंक फिल्म चढवतात. हे सगळं कशासाठी? लिफ्ट पात्याच्या रुंदीच्या साधारण पाव भागावर लागते. पूर्ण पातं एकाच लाकडाचं केलं तर सी.जी. ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बराच मागे जातो. मग वेग वाढला की पातं स्वतःच पिळायला आणि फडफडायला लागतं. याला फ्लटर म्हणतात आणि फ्लटर सुरू झाला की सुधारायला वेळच मिळत नाही. पुढे जड, मागे हलकं केलं की सी.जी. पाव भागाजवळ येतो.

यावरून आठवलं. आमच्या ग्रुपमधला एक हुशार प्राणी म्हणाला, "वर्कशॉपमध्ये सागवान आहे, फर्स्ट इयरला हाफ लॅप जॉइंट केलाय, पाती आपणच तासू." पाया पडते, असं काही करू नका. कार्पेंट्री शॉपमधला सागवानाचा तुकडा दिसायला कितीही छान असला तरी वरचं सगळं गणित त्याच्या विरुद्ध आहे. शिवाय ग्रेन सरळ टोकापर्यंत गेलाय की मध्येच तिरका होऊन कडेला बाहेर पडलाय, हे बघायला सवय लागते. तिरक्या ग्रेनचं लाकूड ओढल्यावर तिथेच फाटतं.

मग कार्बन का नको? उडायला कार्बन चांगलंच आहे, त्यात वाद नाही. ते कडक असतं, हवामानाने वाकत नाही आणि जास्त आर.पी.एम. सहन करतं. आज बाजारात बहुतेक मशीन्स फ्लायबारलेस आहेत आणि लाकडी पाती पूर्वीपेक्षा कमी दिसतात. पण आपल्याकडे फ्लायबारवालं जुनं मशीन आहे आणि या वर्षी सात-आठ ज्युनिअर्स हॉवर शिकणार आहेत. शिकताना हेलिकॉप्टर पडतं. लाकडी पातं जमिनीला लागलं की तुकडे होतात आणि बरीचशी एनर्जी त्या मोडण्यातच जाते. कार्बन पटकन मोडत नाही, मग तो धक्का मेन शाफ्ट, फ्लायबार आणि गिअरला जातो. एका कार्बन जोडीच्या पैशात लाकडाच्या दोन-तीन जोड्या येतात, त्यात शाफ्टचा खर्च वेगळाच. लूप, रोल आणि उलटं उडवणं सुरू होईल तेव्हा खुशाल कार्बन घ्या. लाकडी पाती त्या आर.पी.एम. साठी नसतात. पॅकेटवर मर्यादा छापलेली असेल तर ती वाचा.

लाकडातही दोन प्रकार मिळतात, सिमेट्रिकल आणि सेमी-सिमेट्रिकल. पातं आडवं कापलं असं समजा. सिमेट्रिकलमध्ये वरचा आणि खालचा फुगवटा सारखा असतो, सेमीमध्ये वर जास्त. सेमी कमी आर.पी.एम. वर जास्त लिफ्ट देतं, म्हणून हॉवर शिकायला मला तेच बरं वाटतं. उलटं उडवायला ते निरुपयोगी, पण ज्युनिअर्सना उलटं उडवायचंय कुठे! ऑर्डर देताना रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते मात्र बघा. बहुतेक मॉडेल्स वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पण सगळीच नाही. सेमी पातं उलट्या दिशेच्या रोटरला चालत नाही. बोल्टचं भोक आणि रूटची जाडीही आधी व्हर्निअरने मोजून ठेवा. भोक ड्रिलने मोठं करणं किंवा जाडी पॉलिश पेपरने कमी करणं म्हणजे ८८ किलो जिथे लागतात तीच जागा कमजोर करणं.

वजनाबद्दल एक गोष्ट. फार हलकी पाती घेऊ नका. इंजिन हवेत बंद पडलं की ऑटोरोटेशनमध्ये रोटरमध्ये साठलेली एनर्जीच आपल्याला खाली आणते. वरच्या पात्यांची जोडी १५०० ला सुमारे ३५० ज्यूल साठवते. ३ किलोचं मशीन १२ मीटर उचलायला तेवढीच लागते. पाती हलकी झाली की हा साठा त्याच प्रमाणात कमी होतो.

आता बॅलन्सिंग, जे सगळे टाळतात. टोकाला एका ग्रॅमचा फरक असला तर १५०० आर.पी.एम. ला दीड किलोचा झटका बसतो, सेकंदाला पंचवीस वेळा. खोलीतला पंखा डुगडुगतो ना, त्याचा हा थोरला भाऊ. केमिस्ट्री लॅबमधला डिजिटल काटा मागून दोन्ही पाती तोला. मग प्रत्येक पातं फूटपट्टीच्या कडेवर आडवं ठेवून लांबीतला सी.जी. शोधा आणि पेन्सिलने खूण करा. दोन्हींच्या खुणा रूटपासून सारख्या अंतरावर नसतील तर रूटकडे किंवा टोकाकडे रंगीत टेप लावून आधी खुणा जुळवा. वजनात फरक उरला तर हलक्या पात्याच्या सी.जी. वरच टेप लावा, म्हणजे खूण हलत नाही. शेवटी दोन्ही पाती रूटमधून एका लांब बोल्टवर एकमेकांविरुद्ध बसवून तो बोल्ट मेसमधल्या दोन सारख्या ग्लासांवर आडवा ठेवा. कुठलंही टोक खाली जाता कामा नये.

मशीनवर लावताना बोल्ट किती आवळायचा? हेलिकॉप्टर कुशीवर धरल्यावर पातं स्वतःच्या वजनाने लोंबू नये, पण हलका झटका दिला तर हललं पाहिजे. फिरताना ते आपोआप सरळ होतं. मग ट्रॅकिंग. दोन टोकांना वेगळ्या रंगाची टेप लावा, रोटर फिरवा आणि बाजूने बघा. एक रंग वर दिसत असेल तर मशीन बंद करून त्या पात्याच्या लिंकला अर्धा फेरा देऊन पिच कमी करा. बघणाऱ्याने मात्र निदान पंधरा-वीस फूट लांब उभं राहायचं, कारण तुटलेला तुकडा नेमका त्याच पातळीत सुटतो जिथे आपण डोळे लावून बसतो.

पडल्यावर एकच पातं मोडलं तरी जोडी बदलायची. दुसरं साबूत दिसलं तरी रूटजवळ हाताने किंचित वाकवून कान द्या. करकर आली तर कचऱ्यात. फेविकॉल, अरल्डाइट काही नाही.

राहिला आपला पावसाळा. फिल्म असली तरी रूट आणि टोकाच्या उघड्या जागेतून लाकूड ओल धरतं, मग वजन बदलतं आणि पातं वाकतं. तिथे पातळ सायनो किंवा वॉर्निशचा हात द्या, आणि तो बॅलन्सिंगच्या आधी. स्पेअर जोडी भिंतीला टेकवून ठेवू नका, सपाट पडू द्या, जमलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेली जोडी लावायच्या आधी आरशाच्या काचेवर ठेवून वाकली नाही ना ते बघा आणि परत तोला.