कल्पित कथेतला सिंह आणि आमचा तारणारा

शास्त्रभाग : शास्ते ९:७-१५, २ शमुवेल १२:१-७, मार्क ४:३३-३४, २ पेत्र १:१६

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी आम्ही शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेत होतो. धडा रिकाम्या कबरेचा होता. धडा संपत आला तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "सर, त्या सिनेमातला सिंहसुद्धा मरून परत उठतो. ती गोष्ट बनवलेली आहे असं आई म्हणते. मग येशूची गोष्ट खरी कशावरून?"

आम्ही काय केले? असले सिनेमे ख्रिस्ती मुलांनी पाहू नयेत असे तिला बजावले, प्रार्थना केली आणि वर्ग सोडला. त्या वर्षभरात त्या मुलीने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न चुकीचा नव्हता, आमचे वागणे चुकले होते, हे कळायला आम्हांला बरेच दिवस लागले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आज शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवत आहोत.

१. शास्त्रात कल्पित कथा आहेत काय?

आपल्यातील पुष्कळांना वाटते की, जे प्रत्यक्ष घडले नाही ते सांगणे म्हणजे खोटे बोलणे. तसे असेल तर शास्ते ९ व्या अध्यायाचे काय करावे? अबीमलेखाने आपल्या सत्तर भावांना ठार मारून राज्य बळकावले. धाकटा योथाम तेवढा वाचला. तो गरिज्जीम डोंगराच्या शिखरावर उभा राहून शखेमाच्या लोकांना गोष्ट सांगतो. झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात, आणि शेवटी काटेरी झुडूप राजा होण्यास तयार होते. झाडे चालत नाहीत, बोलत नाहीत, हे योथामाला ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यांनाही. तरीही त्या गोष्टीत शखेमाविषयी जे सत्य होते, ते त्या दिवशी दुसरे कोणी उघड बोलले नसते.

नाथान संदेष्ट्याचेही तसेच. दावीद राजाला त्याने प्रथम पाप दाखवले नाही, एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, न्याय देऊन मोकळा झाला, आणि मग त्याला कळले की त्याने स्वतःलाच दोषी ठरवले आहे. नाथान सरळ उरीयाचे नाव घेऊन गेला असता तर दावीदाजवळ उत्तरे तयार असती. गोष्टीपुढे त्याला आपला बचाव करण्याचे सुचलेच नाही.

आणि आपला प्रभू? हरवलेला पुत्र, दयाळू शोमरोनी, दहा कुमारी ही माणसे अमुक गावात अमुक साली राहत होती असे आपण कोणीही मानत नाही. तरी त्या दृष्टांतांना आपण खोटे म्हणत नाही. ऐकणारा आणि सांगणारा दोघांनाही ठाऊक असते की ही गोष्ट आहे, म्हणून तेथे फसवणूक नाही.

आपल्या मराठी मंडळीलाही ही वाट नवी नाही. जॉन बन्यन याचे १६७८ साली प्रसिद्ध झालेले यात्रेकरूच्या प्रवासाचे पुस्तक एकोणिसाव्या शतकातच मराठीत आले. त्यात राक्षस आहेत, संशयाचा किल्ला आहे, चिखलाची दलदल आहे. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. त्यात राक्षस नाहीत. विधवांचे दुःख लोकांच्या हृदयाला भिडावे म्हणून त्यांनी कथेचाच आश्रय घेतला.

२. ऑक्सफर्डमधील एक रात्र

त्या मुलीने पाहिलेला सिंह म्हणजे सी. एस. लुईस यांच्या नार्निया कथांतील अस्लान. या कथांची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात निघाली आणि पहिल्या पुस्तकावरचा चित्रपट २००५ साली आला. हा लेखक कोण होता हे शिक्षकांनी जाणून घेणे उपयोगाचे आहे.

लुईस १८९८ साली बेलफास्ट येथे जन्मले. नऊ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. आई बरी व्हावी म्हणून त्यांनी केलेली प्रार्थना फळली नव्हती. तरुणपणी त्यांनी विश्वास सोडला. पहिल्या महायुद्धात ते १९१८ मध्ये जखमी झाले आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचे अध्यापक झाले. मात्र एक धागा तुटला नव्हता. १९१६ साली एका रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकाच्या दुकानात त्यांना जॉर्ज मॅकडोनल्ड या स्कॉटिश पाळकाची एक अद्भुत कादंबरी मिळाली. तिने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला, असे ते पुढे म्हणत. बुद्धी मात्र अजून बाहेरच उभी होती.

परमेश्वर आहे येथवर ते नंतर आले. पण दोन हजार वर्षांपूर्वी कोणा एकाच्या मरणाने आज आपले तारण कसे होते, हे त्यांना उमगत नव्हते. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री जे. आर. आर. टोल्किन आणि ह्यूगो डायसन हे दोन मित्र त्यांच्याबरोबर कॉलेजच्या बागेतील वाटेवर बोलत फिरले आणि ते बोलणे पहाटेपर्यंत चालले. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या जुन्या दंतकथा लुईस यांना फार प्रिय होत्या, पण त्यांच्या मते त्या सुंदर असल्या तरी असत्य होत्या. मित्रांनी त्यांना विचारले की, त्या कथांत हृदय हलते, मग शुभवर्तमानापुढे तुम्ही ते हृदय बंद का करता? ही कथाही तशीच आहे, फरक एवढाच की ही खरोखर घडली. थोड्याच दिवसांनी, भावाच्या मोटारसायकलच्या बाजूच्या डब्यात बसून प्राणिसंग्रहालय पाहायला जाताना, येशू हा देवाचा पुत्र आहे असा विश्वास लुईस यांच्या ठायी उत्पन्न झाला.

३. ऐकून ऐकून बधिर झालेले कान

लुईस यांनी प्रथम अंतराळप्रवासाच्या कथा लिहिल्या. त्यांतली पहिली १९३८ साली निघाली. तिच्यात सैतानाच्या पतनाचा विषय वेगळ्या नावाने आला आहे. सुमारे साठ परीक्षणे आली, पण हा विषय लेखकाच्या मनचा नाही हे केवळ दोघांना कळले, असे त्यांनी एका पत्रात लिहिले. वाचकांच्या नकळत ख्रिस्ती शिकवण त्यांच्या मनात किती उतरू शकते, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले.

नार्नियाविषयी त्यांनी १९५६ साली जे लिहिले ते आपल्या वर्गांना लागू आहे. लहानपणी वधस्तंभाविषयी आपल्याला जे वाटायला हवे ते का वाटत नव्हते? कारण, वाटलेच पाहिजे असे सांगितले जात होते. हळू आवाज, गंभीर चेहरे, शब्बाथ शाळेची शिस्त यांमुळे भावना गोठून जातात. या साऱ्या गोष्टी दारावरच्या जागत्या ड्रॅगनसारख्या असतात. सत्य एखाद्या काल्पनिक जगात नेऊन ठेवले, तर ते या पहारेकऱ्यांची नजर चुकवून आत शिरू शकेल.

वाचकहो, येथे आम्हांला लाज वाटली. आमच्या वर्गातील मुलांना वधस्तंभाची गोष्ट तोंडपाठ आहे. ती सांगताना एकाही मुलाचे डोळे भरलेले आम्ही पाहिले नाहीत. आणि तीच मुले सिंहासाठी रडतात! एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांचा विश्वासघात करतो. नियमाप्रमाणे त्याचा जीव चेटकिणीचा होतो, आणि निर्दोष अस्लान त्याच्या जागी मरतो. पहाटे दोन मुली तेथे असतात, दगडी मेज दुभंगते आणि तो जिवंत उभा राहतो. त्या मुलीने सिनेमातून नेमके हेच उचलले होते. तिचे अर्धे काम झाले होते, उरलेले अर्धे आमचे होते. आम्ही ते केले नाही.

४. "खरी कशावरून?"

प्रेषित पेत्र सांगतो की, आम्ही चातुर्याने रचलेल्या कथांच्या मागे लागलो नाही, आम्ही प्रत्यक्ष पाहणारे होतो. म्हणून कथेची गोडी लावताना हा फरक कधीही पुसट होऊ देता कामा नये. आज तो प्रश्न आला तर आम्ही असे सांगू :

पहिले, नार्निया नकाशावर नाही. येरुशलेम आहे. लूक आपल्या तिसऱ्या अध्यायात तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचे वर्ष आणि पंतय पिलाताचे नाव देतो. ख्रिस्ती नसलेला रोमी इतिहासकार टॅसिटस हाही पिलाताच्या हातून ख्रिस्ताला मरणदंड झाल्याचे लिहितो.

दुसरे, अस्लानला उठलेला पाहणारी माणसे पुस्तकातच आहेत. येशूला पाहणाऱ्यांची यादी पौल १ करिंथ १५ मध्ये देतो. एका वेळी पाचशेहून अधिक बांधवांनी त्याला पाहिले, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे तो म्हणतो. म्हणजे जाऊन विचारता येत होते.

तिसरे, लुईस यांनी आपली कथा खरी आहे असे कधी म्हटले नाही आणि तिच्यासाठी कोणी जीव दिला नाही. प्रेषित मात्र आपल्या साक्षीसाठी तुरुंगात गेले आणि त्यांच्यापैकी काहींनी प्राणही दिले.

आणि चौथे : "बाळ, ती गोष्ट तुला आवडली, कारण खरी गोष्ट तशी आहे." १९५५ साली अमेरिकेतील एका आईने लुईस यांना कळवले की, आपण येशूपेक्षा अस्लानवर अधिक प्रेम करतो की काय, अशी भीती तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला वाटते. लुईस यांनी उत्तर दिले की, अस्लानच्या ज्या करण्या-बोलण्यावर तो प्रेम करतो, त्या येशूने खरोखर केल्या आहेत, तेव्हा ते प्रेम येशूवरच आहे. १९५२ च्या पुस्तकात अस्लान स्वतः मुलांना सांगतो की, तुमच्या जगात माझे नाव दुसरे आहे, ते ओळखायला शिका. येथे कथेचे काम संपते आणि शिक्षकाचे सुरू होते.

५. सावधगिरी

जादूचे काय, असे पालक विचारतात. तो आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. अनुवाद १८:१०-१२ मध्ये जादूटोणा स्पष्ट निषिद्ध आहे, आणि आपल्या अवतीभवती गंडे-दोरे आजही चालतात. ज्या कथेमुळे मूल घरी मंत्र म्हणून पाहू लागते ती बाजूला ठेवावी. सत्ता मिळवण्यासाठी जादू करणारे पात्र कथेत शेवटी कोठे पोहोचते, हेही पाहावे. टोल्किन यांच्या मोठ्या कादंबरीत सर्वांवर सत्ता देणारी अंगठी वापरायची नसते, ती नष्ट करायची असते.

तसेच चांगल्या पुस्तकातही सारेच ग्राह्य नसते. मॅडेलिन लेंगल या ख्रिस्ती लेखिकेच्या १९६२ सालच्या विज्ञानकथेत अंधाराशी लढणाऱ्यांमध्ये येशूचे नाव पहिले येते, पण त्यानंतर त्याच ओळीत कलावंत, शास्त्रज्ञ आणि बुद्ध यांचीही नावे येतात. येशू हा अनेकांपैकी एक नव्हे, हे मुलांना सांगावे लागेल. पुस्तक काढून घेण्यापेक्षा ते मुलाबरोबर वाचणे अधिक कष्टाचे आहे, आणि अधिक फलदायी.

ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि शिक्षणासाठी परगावी असते. मागच्या नाताळात ती उपासनेला आली होती. आम्ही तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय." ती हसली आणि म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्ही विसरलात." उपासनेनंतर आम्ही अर्धा तास मंडपात बसून बोललो. तिचे सारे प्रश्न सुटले असे आम्ही म्हणणार नाही. पण ती पुन्हा विचारू लागली आहे, यासाठी आम्ही प्रभूचे उपकार मानतो.

वर्गात चर्चेसाठी
१. योथामाने सरळ न बोलता झाडांची गोष्ट का सांगितली असावी?
२. प्रकटीकरण ५:५-६ वाचा. यहूदाचा सिंह आणि वधलेला कोकरा एकच कसा?
३. तुम्हांला आवडणारी एखादी कल्पित कथा सांगा. तिच्यात काय खरे आहे आणि काय खरे नाही?

प्रार्थना : हे प्रभू, तू स्वतः गोष्टी सांगून शिकवलेस. लेकरांचे प्रश्न ऐकण्यास आम्हांला धीर दे, आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीतून त्यांना तुझ्या खऱ्या गोष्टीकडे आण. आमेन.