वाफेचा हिशेब: गाडी आतून साफ करायला स्टीम क्लीनर कसा निवडावा?

मागच्या उन्हाळ्यात पॉटलकहून घरी येताना गाडीच्या मागच्या सीटवर आमटीचा डबा उपडा झाला. न्यू जर्सीतला जुलै, बंद गाडी आणि कापडी सीट. दुसऱ्या दिवशी फोडणीचा वास गाडीभर पसरला. मी घाईघाईने हातात धरायचा एक स्वस्त स्टीम क्लीनर मागवला आणि अर्धा तास वाफ मारली. सीट चिंब झाली. चार दिवसांनी फोडणीच्या वासात कुबट वासाची भर पडली, आणि पिवळा डाग होता तिथेच राहिला.

यात यंत्रापेक्षा माझी चूक जास्त होती. खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा पाहून मी निवड केली होती. शाळेतलं थोडं भौतिकशास्त्र आधी आठवलं असतं, तर पैसे आणि सीट दोन्ही वाचले असते.

वाफ नेमकं काय करते?

एक ग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ३३५ ज्यूल लागतात. पण १०० अंशांवरच्या त्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७ ज्यूल लागतात. हाच तो अप्रकट उष्मा. वाफ थंड कापडाला लागून पुन्हा पाणी होते, तेव्हा हे सगळे ज्यूल ती तिथेच सोडते. त्याने तेलकटपणा पातळ होतो आणि सांडलेल्या सरबताचा चिकट थर सुटतो. पण वाफ घाण फक्त सैल करते. ती उचलायचं काम मायक्रोफायबरच्या फडक्याचं. फडकं लगेच फिरवलं नाही, तर घाण तिथेच पुन्हा वाळते.

आधी वॅट पाहा

एक ग्रॅम वाफेला एकूण सुमारे २,६०० ज्यूल लागतात, आणि एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. म्हणजे १,५०० वॅटचं यंत्र सतत चालवलं, तर मिनिटाला जास्तीत जास्त ३५ ग्रॅम वाफ देईल. बॉयलरमध्ये साठलेल्या उष्णतेमुळे सुरुवातीला थोडा जादा जोर मिळतो, पण तो टिकत नाही.

अमेरिकेत घरातलं नेहमीचं सॉकेट १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचं असतं, म्हणून इथली घरगुती यंत्रं १,५०० वॅटच्या आसपास थांबतात. ब्रिटन किंवा दुबईतल्या वाचकांकडे २३० व्होल्ट आणि १३ अँपिअर आहेत. तिथे ३,००० वॅट, म्हणजे जवळजवळ दुप्पट वाफ शक्य आहे. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून मात्र १० अँपिअर धरले तरी १२० वॅटच मिळतात, म्हणजे मिनिटाला तीन ग्रॅमही वाफ नाही. तेव्हा गाडीच्या सॉकेटवर चालणारं यंत्र विसरा.

दाब कशासाठी?

प्रेशर कुकरमध्ये हवेच्या दाबापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो आणि आतलं तापमान १२० अंशांपर्यंत जातं. जादा दाब चार बार असेल, तर ते १५० अंशांच्या थोडं वर जातं. जाहिरातीत हाच आकडा असतो, पण तो बॉयलरच्या आतला. नळीच्या तोंडातून बाहेर पडताच वाफ हवेच्या दाबाला येते, १०० अंशांकडे उतरते आणि हवेत मिसळून आणखी थंड होते. म्हणून तोंड कापडाच्या जवळ धरावं लागतं.

तरीही दाबाचे दोन फायदे आहेत. एक म्हणजे एसीच्या जाळीत आणि शिवणीत शिरण्याइतका जोर. दुसरा म्हणजे कोरडेपणा. जास्त दाबाच्या वाफेत थोडी जादा ऊर्जा असते. बाहेर पडताना तिच्यामुळे सोबतचे काही थेंबही वाफ होतात. सीटच्या फोमसाठी हे महत्त्वाचं, कारण फोम पाणी पितो आणि सहज सोडत नाही.

घरी करून पाहण्याजोगा प्रयोग

माझं यंत्र १,००० वॅटचं होतं. पाणी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, सुरू केल्यापासून पाच मिनिटं चालवलं, थंड झाल्यावर पुन्हा वजन केलं. १८० ग्रॅम कमी झालं होतं. पण पाच मिनिटांच्या विजेत ११५ ग्रॅमच वाफ होऊ शकते! सगळी वीज पाण्यात गेली असं धरलं तरी ७० ग्रॅमहून जास्त नुसतं गरम पाणी सीटमध्ये गेलं होतं. कुबट वासाचं कारण सापडलं.

विकत घेताना

- तुमच्या सॉकेटला झेपेल तितके जास्त वॅट.
- वेगळा बॉयलर आणि तीन-चार बार दाब. आतून गाडी साफ करायला एवढा पुरतो.
- वाफ कमी-जास्त करायची सोय, लांब नळी, छोटा नायलॉनचा ब्रश.
- दाब असताना न उघडणारं झाकण. कुकरचा नियम इथेही लागू.
- बॉयलरमधले क्षार काढायची सोय. कोणतं पाणी भरायचं ते माहितीपत्रकात पाहा.

वापरताना

पहिली फवारणी बादलीत करा, कारण थंड नळीत पाणी साचलेलं असतं. स्क्रीन, बटणं, सीटखालची वायरिंग आणि एअरबॅगच्या जागांवर थेट वाफ नको. छताच्या कापडामागचा गोंद उष्णतेने सुटतो. चामड्यावर तोंडाला फडकं गुंडाळून, तेही आधी कोपऱ्यात तपासून. हिवाळ्यात गार काचेवर वाफ मारलीत तर ती तडकू शकते. दहा मिनिटांत गाडीत ३५० ग्रॅम पाणी जातं, म्हणून शेवटी दारं उघडी ठेवून सगळं वाळू द्या.

दूध, अंडं किंवा रक्त सांडलं असेल, तर आधी थंड पाणी. उष्णतेने त्यातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्यांना चिकटतात.

आणि हळद? तिचा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कितीही वॅटची वाफ आणा, तेल निघेल पण पिवळा रंग राहील. तो उन्हात मात्र फिका पडतो. दुसऱ्यांदा मी मित्राचं चांगलं यंत्र आणून तेल आणि वास काढला आणि डागाचं काम ऑगस्टच्या उन्हावर सोपवलं. आता डाग शोधावा लागतो. आमटी मात्र हल्ली डिकीत, झाकणावर रबर लावून जाते.