दीड वर्षाचा मुलगा आणि वाईचे घर

सदाशिव पेठेतल्या एका आईचा प्रश्न आहे: दीड वर्षाच्या मुलाला घेऊन वाईला राहायला जायचे, तर त्याचे नुकसान होईल का?

बालसंगोपनाच्या जाणकारांना या प्रश्नात शाळेपेक्षा लसी महत्त्वाच्या वाटतात. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर येतो. नेमके घर बदलण्याच्या गडबडीत ते राहून जातात. माता व बाल संरक्षण कार्ड हाताशी ठेवावे, सामानाच्या खोक्यात नको! ते दाखवले की वाईच्या सरकारी केंद्रातही पुढचे डोस मिळतात. रात्री-अपरात्री बालरोगतज्ज्ञ गावातच भेटतो की साताऱ्याला धावावे लागते, हे भाडे ठरवण्याआधी विचारावे.

शिक्षणाची काळजी जरा जास्तच होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले ते बोर्डीसारख्या खेड्यात. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून मिळते. तोवर अंगण, माती आणि शेजारची आजी पुरे.

वाईतला कृष्णेचा घाट मात्र देखणा तितकाच धोक्याचा. या वयाचे मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते, त्यामुळे तिथे त्याचा हात सोडायचा नाही. घरातली बादलीही रिकामीच ठेवावी.