यादी लागण्याआधी थोडं बोलूया



पालकहो, येत्या आठवड्यात बास्केटबॉल, फुटबॉल आणि मैदानी खेळांच्या संघांची यादी सूचनाफलकावर लागेल. त्यासोबत प्रत्येक खेळाडूच्या दप्तरातून एक छापील कागद घरी येईल. त्यावर अभ्यास, हजेरी, वय आणि वागणूक यांबद्दलच्या अटी आहेत, आणि खाली दोन सह्यांची जागा आहे, एक मुलाची आणि एक तुमची. हा कागद बऱ्याच घरांत न वाचताच सही होऊन परत येतो. मग हंगामाच्या मध्यावर एखादी अट लागू होते, आणि ती आपल्यावर कोणी अचानक लादली असं घरच्यांना वाटतं. म्हणून यादी लागण्याआधीच तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

पहिला प्रश्न बहुधा दबक्या आवाजात विचारला जातो, तेव्हा त्याचं उत्तर आधी देतो. आपली शाळा मिशनची. पण इथली बरीच मुलं ख्रिस्ती नाहीत. संघात यायचं तर प्रार्थनेला यावं लागेल का? नाही. आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार मान्यताप्राप्त शाळेतल्या कोणत्याही मुलाला, पालकांची संमती असल्याशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सामन्याआधी आपला संघ अर्धा मिनिट गोल करून उभा राहतो. ज्याला प्रभूकडे मागायचं तो मागतो, ज्याला आपल्या देवाचं नाव घ्यायचं तो ते घेतो, ज्याला नुसतं शांत उभं राहायचं तोही त्याच गोलात असतो. कोण काय म्हणतो यावर संघातली जागा कधीच ठरत नाही.

मग संघाच्या नियमांत ख्रिस्ती असं काय आहे? माझ्या मते पुष्कळ काही आहे, आणि ते प्रार्थनेपेक्षा मैदानावर जास्त दिसतं. बास्केटबॉलचंच घ्या. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथल्या, वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हा खेळ तयार केला. त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केलेला होता. थंडीत बंद जागेत खेळता येईल आणि ज्यात धसमुसळेपणा नसेल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांच्या मूळ तेरा नियमांपैकी एक नियम सरळ वागणुकीचा आहे. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय अडकवणं, मारणं, सगळं मना. दुसऱ्यांदा असं केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. मुद्दाम इजा करायचा हेतू दिसला तर उरलेला पूर्ण सामना बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडूही नाही. म्हणजे एकाच्या वागण्याची किंमत सगळ्या संघानं मोजायची. हा नियम त्या खेळाच्या जन्माबरोबर आला आहे, शिस्तीसाठी मागाहून चिकटवलेला नाही.

आपल्याकडेही या खेळाचं मिशनशी जुनं नातं आहे. अमेरिकन मराठी मिशन आपल्या नगरमध्ये १८३१ साली आलं. त्याच मिशननं १९२०च्या दशकात मुंबईच्या नागपाड्यात कष्टकऱ्यांच्या वस्तीसाठी नेबरहूड हाउस उभं केलं. पुढे नागपाडा बास्केटबॉलचं माहेर झाला आणि अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार त्याच गल्ल्यांतून आला. मिशनच्या लोकांनी वस्तीत खेळाला जागा दिली तेव्हा पोरं कोणत्या धर्माची हे पाहिलं नाही. आपणही पाहत नाही.

आता अभ्यास. अट अशी की शेवटच्या घटक चाचणीत सर्व विषयांत उत्तीर्ण आणि हजेरी ७५ टक्के. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी मंडळही एवढीच हजेरी मागतं, आणि शाळेतर्फे स्पर्धेला गेलेले दिवस आम्ही हजेरीतच धरतो. टक्के किती पडले हे मी विचारत नाही. अडतीस टक्क्यांचं मूल रोज वर्गात बसतं, वह्या पूर्ण ठेवतं, तर ते माझ्या संघात ताठ मानेनं खेळेल. नव्वद टक्क्यांचं मूल सरावाच्या नावाखाली चार तास गाळत असेल तर त्याला बसावं लागेल. ज्या घरी पहाटे दूध किंवा पेपर टाकून मूल शाळेत येतं आणि उशिराचा शेरा पडतो, त्या घरानं मला आधी येऊन सांगावं. अशा मुलासाठी नियम वाचण्याची पद्धत वेगळी असू शकते, पण मला कळलं तरच.

या अटीचं खरं वजन ती लागू होते तेव्हा कळतं. समजा, उपांत्य सामना शुक्रवारी आहे आणि बुधवारी निकाल आला. तुमचा मुलगा गणितात नापास. संघातला सर्वांत चपळ खेळाडू तोच. त्या दोन दिवसांत तुम्ही काय करता? काही पालक मुख्याध्यापकांकडे जातात, काही नगरसेवकाचा फोन आणतात, काही गणिताच्या बाईंना घरी गाठतात. आणि काही जण मुलाला सगळ्यांदेखत झोडपतात, खेळच बंद म्हणून बूट माळ्यावर टाकतात. पहिला मार्ग मुलाला शिकवतो की नियम ओळख नसलेल्यांसाठी असतात. दुसरा शिकवतो की चुकलं की आपलं सगळंच संपतं. दोन्ही मला सारखेच धोक्याचे वाटतात.

आमची रीत अशी. अट लागलेला खेळाडू सामना खेळत नाही, पण सरावाला येतो. सामन्याच्या दिवशी गणवेश घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो, पाण्याच्या बाटल्या भरतो, गुणफलक सांभाळतो. तीन आठवड्यांनी त्या विषयाची पुन्हा चाचणी होते. उत्तीर्ण झाला की पुढच्या सामन्याला मैदानात. अमेरिकेत टेक्सास राज्यानं १९८४ साली कायदाच केला होता की नापास विद्यार्थ्यानं सहा आठवडे खेळायचं नाही. १९९५ साली त्यांनी ती मुदत तीन आठवड्यांवर आणली आणि त्या काळात सराव करायला मुभा दिली. मला तो बदल शहाणपणाचा वाटतो. मैदानापासून पूर्ण तोडलेलं मूल अभ्यासाकडे वळेलच असं नाही. ते बहुधा चौकातल्या टपरीकडे वळतं.

ख्रिस्ती शाळेत क्षमा नको का, असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. प्रश्न मनापासूनचा होता आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू स्वतःहून त्याच्या घरी उतरायला जातो, आधी हिशेब मागत नाही. पण ज्याला स्वीकारलं गेलं तो जक्कय आपण होऊन उभा राहतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायचं म्हणतो. मला तिथे क्षमा आणि भरपाई एकाच घरात दिसतात. म्हणून प्रतिस्पर्ध्याला जातीवरून शिवी देणाऱ्या मुलाला आम्ही संघातून काढून टाकत नाही. तो दोन सामने बसतो आणि त्या दुसऱ्या शाळेत जाऊन, त्या मुलासमोर उभं राहून माफी मागतो. सोबत मी जातो. तुम्हीही यावं ही माझी विनंती. वडील शेजारी उभे असताना मागितलेली माफी मुलगा विसरत नाही.

मोबाइलवरच्या गटात लिहिलेली शिवी मैदानावरच्या शिवीएवढीच धरली जाईल. तंबाखू, गुटखा, मावा सापडला तर तो हंगाम संपला. कोणतीही पावडर, गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, जिममधल्या दादानं दिलं तरी नाही. यावर जास्त बोलायची गरज नसावी.

वयाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण तिथे चूक मुलाची नसते, मोठ्यांची असते. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा चढता क्रम. वर गेलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. एवढं पुढे ठेवल्यावर मोह होतो हे मला कळतं. कोणीतरी सल्ला देतो, एक वर्ष कमी करून दाखला काढा, सगळेच करतात.

आपल्या आजोबांच्या पिढीत कित्येकांचा जन्म १ जूनचा आहे. नोंद नव्हती, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं तारीख लिहिली. त्यात कोणाचा घास काढून घेतलेला नव्हता. आज दवाखान्यात जन्मलेल्या मुलाची तारीख बदलली तर ती दुसऱ्या एका मुलाच्या जागेवर बदलते. चौदा वर्षांखालच्या सामन्यात सोळा वर्षांचा मुलगा उतरतो, तेव्हा खरोखर तेरा वर्षांचं एक पोर घरी बसतं आणि आपण कमी पडलो असं समजून बसतं. त्याला कोणी सांगत नाही की तो कमी पडला नव्हता. राहुल द्रविड यांनी २०१५ साली पतौडी स्मृती व्याख्यानात वय चोरण्यावर कठोर शब्दांत बोट ठेवलं. मुलाच्या घडणीत पालक आणि प्रशिक्षक खोटेपणा मिसळतात, हे त्यांचं दुखणं होतं. तेही बंगळुरूच्या एका ख्रिस्ती शाळेत शिकलेले.

पकडलं जाण्याची भीती घालायची नाही, पण माहिती असावी. क्रिकेट मंडळ लहान गटातल्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतं. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याची प्रकरणंही आपल्या राज्यात उघडकीस आली आहेत. माझं दुखणं त्याच्या आधीचं आहे. मूल स्पर्धेच्या टेबलापाशी आपली जन्मतारीख सांगताना अडखळतं. घरात कोणती सांगायची आणि इथे कोणती, हे ते मनात जुळवत असतं. बारा वर्षांच्या मुलावर हे ओझं घालू नका. मूळ जन्मदाखला आणा. तो शाळेच्या जनरल रजिस्टरशी मी स्वतः ताडून पाहीन. तारीख जुळली नाही तर त्या अर्जावर शाळेचा शिक्का बसणार नाही, मग संघ हरला तरी चालेल.

बायबलमध्ये, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल खेळाडूचं उदाहरण देतो आणि नियम पाळून खेळल्याशिवाय मुकुट नाही असं सांगतो. ज्या करिंथ शहरातल्या मंडळीला त्यानं पत्रं लिहिली, त्याच्या जवळच इस्थमियन स्पर्धा भरत, त्यामुळे मैदान त्याच्या वाचकांच्या ओळखीचं होतं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो आणखी एक काळजी बोलून दाखवतो, दुसऱ्यांना उपदेश करून आपण स्वतःच अपात्र ठरू नये ही. ती मी माझ्यासाठी वाचतो. अटींचा कागद मलाही लागू आहे. पंचांवर ओरडलो तर पुढचा सामना मीही बाहेरून पाहीन. तुम्हीही सीमारेषेबाहेरून पंचांना आणि समोरच्या मुलांना नावं ठेवू नका. ती मुलं कोणाचीतरी आहेत.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांचा वेगळा प्रश्न रविवारचा. आमंत्रित स्पर्धा बऱ्याचदा रविवारी असतात. धावपटू एरिक लिडल यांनी १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे १०० मीटर धावायला नकार दिला, हे उपासनेत आपण ऐकतो. त्यांनी ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. पण पुढचा भाग कमी सांगितला जातो. ते चीनमध्ये मिशनचे शिक्षक झाले आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या वेहसिएन छावणीत बंदी होते. तिथली मुलं रविवारी हॉकी खेळताना पंच नसल्यामुळे भांडू लागली, तेव्हा हेच लिडल रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उभे राहिले. १९४५ साली त्याच छावणीत त्यांचं निधन झालं. स्वतःपुरता नियम त्यांनी कडक ठेवला आणि मुलांसाठी वाकवला. म्हणून रविवारी न खेळणाऱ्या मुलाची संघातली जागा आपल्याकडे जाणार नाही, आणि उपासना आटोपून येणाऱ्यासाठी सामना दुपारी घ्या अशी विनंती आयोजकांना मी करीन.

शेवटी मुलींविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हजेरी पूर्ण, अभ्यास चोख, वयाचा दाखला स्वच्छ, वागणूक निर्मळ, आणि तरी नववी सुरू झाली की त्यांचं नाव यादीतून गळतं. कारण दहावी जवळ आली, उन्हानं रंग काळवंडतो, बाहेरगावी मुक्काम असतो, मोठी दिसायला लागली. आमच्या सगळ्या अटी पार केलेली मुलगी घराच्या उंबऱ्यावर अडते. मुक्कामाच्या प्रत्येक स्पर्धेला शिक्षिका सोबत असतात, राहण्याची जागा आधी पाहून ठेवलेली असते, आणि हवं तर आईनं सोबत यावं. दहावीच्या मुलींचा सराव दिवाळीनंतर आठवड्यातून दोनच दिवस ठेवतो. याहून काही अडचण असेल तर मला सांगा, मार्ग काढू. पण तिला न विचारता तिचं नाव कापू नका.

अटींचा कागद शनिवारपर्यंत हवा आहे. सही करण्याआधी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून तो मोठ्यानं वाचा, आणि जी अट पटत नसेल तिच्यापुढे खूण करून आणा. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मैदानाजवळच्या खोलीत आहे.