एका वेलीचा एकच भोपळा

भोपळा तुमच्या ओळखीचा आहे. बाजारात त्याची फोड विकत मिळते. घरी त्याची भाजी होते, खीर होते, काही घरांत गोड घारगे होतात. मराठीत 'भोपळा' हा शब्द दोन फळांसाठी वापरतात. लांबट, हिरव्या फळाला दुधी भोपळा म्हणतात आणि आतून केशरी असलेल्या गोल फळाला लाल भोपळा म्हणतात. या पाठातला भोपळा लाल भोपळ्याच्या कुळातला आहे. मात्र तो डोक्यावर किंवा हातगाडीवर नेता येत नाही. तो उचलायला साखळी आणि कप्पी लागते.

कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथे विंडसर हे लहानसे गाव आहे. हॉवर्ड डिल हे त्या गावचे शेतकरी. घरी गाई होत्या, दुधाचा धंदा होता. वडिलांना मोठे भोपळे लावण्याचा नाद होता. तो नाद मुलालाही लागला.

त्या काळी सर्वांत मोठ्या भोपळ्याचा मान कॅनडातल्याच विल्यम वॉर्नॉक यांच्याकडे होता. 1904 साली त्यांनी अमेरिकेतील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात 403 पौंडांचा, म्हणजे सुमारे 183 किलोंचा भोपळा नेला होता. त्यानंतर 72 वर्षे कोणालाही त्यापेक्षा मोठा भोपळा पिकवता आला नाही.

डिल यांनी आनुवंशशास्त्राचे शिक्षण घेतले नव्हते. त्यांची रीत साधी होती. दरवर्षी वेलींवर लक्ष ठेवायचे, चांगल्या फळांच्या वेली निवडायच्या, त्यांच्या फुलांचा संकर स्वतःच्या हाताने करायचा आणि मिळालेले बी पुढच्या वर्षी पेरायचे. हे काम त्यांनी अनेक वर्षे केले. त्यातून 'अटलांटिक जायंट' ही जात तयार झाली. 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षे डिल यांनी भोपळ्यांची जागतिक स्पर्धा जिंकली. 1981 साली त्यांच्या भोपळ्याचे वजन सुमारे 224 किलो भरले.

डिल यांनी हे बी जगभर विकले. मग लहान गावांतले, लहान अंगणांचे मालकही या कामाला लागले. 1996 साली अमेरिकेत 481 किलोंचा भोपळा झाला. 2012 साली 911 किलोंचा झाला. 2023 साली अमेरिकेतील एका माळ्याच्या भोपळ्याने 1247 किलो वजन भरले आणि 2025 साली इंग्लंडमधील दोन जुळ्या भावांचा भोपळा 1278 किलोंवर गेला. एका लहान मोटारीपेक्षाही हे वजन जास्त आहे! हे सर्व भोपळे डिल यांच्याच जातीचे वंशज.

पण चांगले बी पेरले की झाले, असे नाही. विजेत्या भोपळ्याच्या एका वेलीला 80 ते 100 चौरस मीटर जागा देतात. एवढी जागा घराभोवती किती जणांकडे असते? लहान जागेत मोठा भोपळा कसा होतो, ते आता पाहू.

समजा, विंडसरसारख्या थंड गावात घरामागे 5 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद परसबाग आहे. म्हणजे 20 चौरस मीटर जागा. विजेत्यांच्या जागेच्या पाचव्या हिश्शाएवढी. येथे हजार किलोंचा भोपळा होणार नाही. पण सगळे नीट जमले, तर शंभर-दीडशे किलोंचा होऊ शकतो. दीडशे किलो म्हणजे तीन भरलेल्या सिमेंटच्या पोत्यांचे वजन.

तयारी आदल्या वर्षीच्या पानगळीपासून सुरू होते. जमीन खणून तीत कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा मिसळतात. हिवाळ्यात जमिनीवर बर्फ पडते, तोवर खत मातीत मुरते. एप्रिलच्या शेवटी बी घरातच कुंडीत लावतात. बी मोठे असते आणि त्याचे कवच जाड असते. म्हणून टोकाकडची बाजू सोडून बाकीच्या कडा कानशीने हलकेच घासतात, म्हणजे पाणी आत शिरते. कुंडी उबदार जागी ठेवली की चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. मे महिन्यात रोप बाहेर लावतात. तेव्हाही तिकडे रात्री दहिवर गोठते. म्हणून रोपावर प्लॅस्टिकचा लहानसा तंबू उभारतात.

आता थोडे गणित. रोप बागेच्या मध्यभागी लावले, तर मुख्य वेलीला जेमतेम अडीच मीटर जागा मिळेल. रोप कोपऱ्यात लावून वेल समोरच्या कोपऱ्याकडे नेली, तर कर्णाची लांबी मिळते. 5 चा वर्ग 25, 4 चा वर्ग 16, बेरीज 41. तिचे वर्गमूळ सुमारे 6.4. म्हणजे त्याच बागेत वेलीला सहा मीटरांहून अधिक लांब रस्ता मिळाला. मुख्य वेलीच्या दोन्ही बाजूंना फुटवे येतात. ते कुंपणापर्यंत वाढू देतात आणि तेथे पोहोचले की त्यांचा शेंडा खुडतात. फुटव्यांना पुन्हा जे फुटवे येतात, ते मात्र सगळे काढून टाकतात. लहान जागेत हे केले नाही, तर पाने एकमेकांवर चढतात आणि खालच्या पानांना ऊन मिळत नाही.

आणखी एक युक्ती आहे. वेलीच्या प्रत्येक पेरावर माती टाकली की त्या पेराला खाली नवीन मुळे फुटतात. एका वेलीला अशी पुष्कळ ठिकाणांहून पाणी आणि अन्नद्रव्ये मिळू लागतात.

जून संपता संपता फुले येतात. आधी नर फुले येतात, मग मादी फुले. मादी फुलाखाली इवलासा गोल भोपळा असतो, त्यावरून ते ओळखता येते. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. मधमाशांवर हे काम सोपवले, तर कोणत्या फुलाचे पराग आले ते कळत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच मादी फूल कापडाने झाकून ठेवतात. पहाटे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढतात आणि त्याचे पराग मादी फुलाला लावतात. डिल हेच करत असत.

एका वेलीवर अशी तीन-चार फळे धरतात. आठ-दहा दिवसांत ती चेंडूएवढी होतात. यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते हाताला नव्हे, मनाला अवघड आहे. या फळांपैकी एकच ठेवायचे असते. बाकीची कापून टाकायची असतात.

असे का? वेलीला मोठे फळ नको असते. तिला पुष्कळ फळे हवी असतात, कारण पुष्कळ फळे म्हणजे पुष्कळ बिया. आपण सोडून दिले, तर ती पानांत तयार झालेली साखर सगळ्या फळांना वाटून देईल. आणि पाने तर जागेपुरतीच आहेत. 20 चौरस मीटरांत जेवढे ऊन पडते, तेवढ्याच उन्हावर सगळा कारभार चालायचा असतो. 2015 साली अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाकाय भोपळ्याचे पान साध्या भोपळ्याच्या पानापेक्षा जास्त अन्न तयार करत नाही, असे त्यांना आढळले. फरक होता तो अन्न वाहून नेणाऱ्या पेशींत. त्या या जातीत जास्त होत्या. म्हणजे डिल यांच्यासारख्या शेतकऱ्यांनी नकळत रस्ते रुंद केले होते. पण माल तेवढाच होता. तो एकाच घरी पोहोचवायचा, तर बाकीची दारे बंद करावी लागतात.

नवख्या माणसाच्या हे जिवावर येते. चारही फळे निरोगी असतात, चारही दिवसागणिक वाढत असतात. एखादे वाया गेले तर दुसरे असावे, असे वाटते. म्हणून तो दोन ठेवतो. त्याला दोन मध्यम भोपळे मिळतात. भाजीसाठी तेच बरे, हेही खरे!

कोणते फळ ठेवायचे? त्या दिवशी जे सर्वांत मोठे, तेच ठेवायचे असे नाही. फळ मुख्य वेलीवर, मुळापासून सुमारे तीन मीटरांवर असावे. त्यामागे पुरेशी पाने असावीत. सर्वांत महत्त्वाचा असतो देठ. देठ आणि वेल यांत काटकोन असला तर उत्तम. कोन लहान असेल, तर पुढे फुगत जाणारे फळ वेलीला रेटते आणि देठ चिरतो. म्हणून निवडलेल्या फळाजवळची वेल रोज थोडी थोडी करून फळापासून दूर सरकवतात. तेथल्या पेरांवर माती टाकत नाहीत. कापलेली कोवळी फळे फेकायची गरज नसते. त्यांची भाजी चांगली होते.

मग येतो वाढीचा काळ. फळाखाली वाळूचा थर देतात, म्हणजे बूड कुजत नाही. वर पांढऱ्या कापडाचे छत बांधतात. उन्हाने साल कडक झाली, तर ती ताणली जात नाही. ऑगस्टमध्ये विजेत्यांचे भोपळे दिवसाला 15 ते 20 किलो वाढतात. लहान बागेतला भोपळा इतका धावत नाही, पण सकाळ-संध्याकाळचा फरक टेपने मोजता येतो. भोपळा तराजूत न घालताही वजनाचा अंदाज करतात. त्याचा आडवा घेर मोजायचा, मग वरून दोन दिशांनी माप घ्यायचे आणि तिन्हींची बेरीज करून तक्त्यात पाहायचे. सुरुवातीला गोल असलेले फळ पुढे स्वतःच्याच भाराने बसके होत जाते.

हे दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचे असतात. पाणी रोज आणि सारखे द्यावे लागते. काही दिवस माती कोरडी राहिली आणि मग अचानक जोराचा पाऊस आला, तर आतला भाग सालीपेक्षा वेगाने फुगतो. भोपळा तडकतो. चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली, तर स्पर्धेत तो बाद ठरतो आणि थोड्याच दिवसांत सडू लागतो. वेलीवर दुसरे फळ तर नसतेच.

कडक उन्हाळाही या जातीला मानवत नाही. पारा 32 अंशांच्या वर गेला की दुपारी तिची रुंद पाने कोमेजतात. दिवसा ऊब आणि रात्री गारवा तिला हवा असतो. विंडसरच्या आसपास तो मिळतो. पण तेथे मुदत थोडी. ऑक्टोबरमध्ये पुन्हा थंडी पडते आणि वेल मरते. त्याच महिन्यात भोपळे वजनाला नेतात.

वजन झाल्यावर या भोपळ्याचे काय होते? त्याचा गर पाणचट असतो, चवीला साधारण. 1999 साली विंडसरच्या लोकांनी एक गंमत सुरू केली. त्यांनी भोपळे वरून कापून आतून कोरले, त्यांत माणसे बसली आणि वल्ही मारत पेसाक्विड सरोवराच्या पैलतीराला निघाली. पुढे अनेक वर्षे ही शर्यत पाहायला हजारो लोक जमत. भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून परतणारी आपल्या गोष्टीतली म्हातारी तेथे असती, तर तिने नक्कीच पहिला क्रमांक मिळवला असता.

बिया मात्र आधीच काढून घेतलेल्या असतात. त्या धुऊन, वाळवून पाकिटांत भरतात. पाकिटावर भोपळ्याचे वजन, पिकवणाऱ्याचे आडनाव आणि साल एवढेच लिहितात. हिवाळ्यात ही पाकिटे टपालाने दूरदूरच्या गावी जातात.

शब्दार्थ

कप्पी – जड वस्तू उचलण्यासाठी वापरायचे खाच असलेले चाक
संकर – दोन वेगळ्या झाडांच्या फुलांचा संयोग
दहिवर – दव
परसबाग – घरामागची बाग
कर्ण – चौकोनाच्या समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा
फुटवा – वेलीला बाजूने येणारा नवा कोंब
पेर – वेलीवरची पान फुटण्याची जागा
महाकाय – फार मोठ्या आकाराचा
बूड – खालचा भाग

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हॉवर्ड डिल कोणत्या गावी राहत होते?
(आ) मादी फूल कशावरून ओळखता येते?
(इ) बियांच्या पाकिटावर काय लिहितात?

2. कारणे लिहा.
(अ) रोप बागेच्या कोपऱ्यात लावतात.
(आ) मादी फूल आदल्या संध्याकाळी झाकून ठेवतात.
(इ) भोपळ्यावर कापडाचे छत बांधतात.

3. चार फळांपैकी एकच का ठेवतात? तुम्ही असता तर किती ठेवली असती? का?

4. पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा.
नाद लागणे, जिवावर येणे, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे

5. वचन बदला.
बी, फूल, पान, फुटवा, बाग

6. तुमच्या बागेची किंवा वर्गाची लांबी-रुंदी मोजा आणि कर्णाची लांबी काढा.